पहिल्या उकळीचं पाणी

रत्नाकाकूंनी जन्मात कधी कशाचं पाणी टाकलं नाही. भाताची पेज, मटकी भिजवलेलं पाणी, पनीरचं पाणी, सगळं त्या कणकेत नाहीतर आमटीत जिरवायच्या. कुणी सिंकवर चाळणी धरलेली दिसली की म्हणायच्या, ‘ओता सत्त्व गटारात आणि खा चोथा. शिकलेल्या ना तुम्ही.’ त्यात इथे कतारमध्ये पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं मीठ काढून येतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला आणखी धार. आम्ही बायका पाठीमागे हसायचो, पण त्यांच्यासमोर पाणी टाकायची हिंमत आमच्यातल्या एकीचीही नव्हती.

आम्ही राहतो उम्म सलाल मोहम्मदला, कंपनीच्या व्हिलांच्या कंपाऊंडमध्ये. माझा नवरा गिरीश रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्ट इंजिनिअर. रत्नाकाकूंचे यजमान अरुणकुमार, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, त्याच कंपनीत ॲडमिन मॅनेजर. व्हिला, गाड्या, ड्रायव्हर, सगळं त्यांच्या सहीनं चालतं, आणि गिरीशचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही हे ठरवायलाही तेच बसतात. मी इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये बायॉलॉजी शिकवते. आमची ओवी त्याच शाळेत दुसरीत. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत मिळतं.

आणि जहूर आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर. जम्मू-काश्मीरात किश्तवाडच्या वर कुठंतरी डोंगरात त्याचं गाव. वर्ल्ड कपला अजून चार वर्षं होती आणि त्या नावाखाली सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. काल होता तो रस्ता आज नाही, आज आहे तो उद्या बंद. तरी जहूरनं आम्हाला कधी शाळेत उशिरा पोचवलं नाही. व्हॅनचं दार लावताना रोज अरबीत ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला चला, करायचा म्हणून मुलं त्याला यल्लाभाई म्हणायची. ओवीला गाडी लागते, तर तिच्यासाठी खिडकीची जागा आणि एक लिंबू तो न सांगता ठेवायचा.

फेब्रुवारीत तो सुट्टीवर गेला तेव्हा रत्नाकाकूंनी त्याच्या आईसाठी डिंकाचे लाडू बांधून दिले. काकूंचं हे असं. तोंडानं कुणाला सोडायच्या नाहीत आणि हातानं कुणाला रिकामं पाठवायच्या नाहीत. जहूर परत आला तो आईची भेट घेऊन: कापडी पिशवी भरून रानातली वाळवलेली अळंबी.

होळी त्या वर्षी गुरुवारी आली. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून पुरणपोळ्या शुक्रवारी दुपारी काकूंकडे. गिरीश शिफ्टला गेलेला. मी, ओवी, शेजारची दोन घरं, आणि श्रेयस. श्रेयस म्हणजे आयटीत थोड्या दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला एकटा पोरगा. कंपाऊंडमध्ये कुठेही फोडणी पडली की हा दारात.

मी ओट्याशी गेले तर कढईत भाजी रटरटत होती. चमच्यानं एक तुकडा वर उचलला आणि मी थबकले. ही छत्रीची अळंबी नव्हती. फांद्याफांद्यांची, पोवळ्यासारखी. एम.एस्सी.ला माझा प्रबंधच या पोवळ्याच्या अळंब्यांवर होता. हिमाचलमधून खोकी यायची आणि मी पुण्यात लॅबमध्ये दिवसचे दिवस त्यांच्या फांद्या मोजत बसायचे.

‘काकू, ही जात कुठली?’

‘जात विचारतेस, सोयरीक जमवायचीय की काय?’ काकू म्हणाल्या. ‘बाई, मी भोरची आहे. पावसाळाभर अळंबी खात वाढले. तू मला नको शिकवू, पोळ्या वाढायला घे.’

सगळ्या हसल्या, मीही हसले. शेजारच्या पातेल्यात कटाची आमटी उकळत होती. काकूंनी झाकण काढून मला वास दिला. ‘आज वेगळीच चव उतरलीय बघ,’ म्हणाल्या. खरंच उतरली होती. मातीचा, ओल्या लाकडाचा असा काहीतरी वास गोड्या मसाल्याच्या खालून येत होता.

श्रेयसनं भाजी मागून मागून घेतली. आमटीला तो हात लावत नाही, पोळी दुधात कुस्करून खातो, आणि त्यावरून काकू त्याला ‘काय तुमचं ते दूधपोळीचं बाळपण’ म्हणून चिडवतात. ओवीनं भाजीकडे बघून नाक मुरडलं, ‘यक्, मश्रूम्स’ म्हणाली आणि आमटीभातावर ताव मारला. काकूंची आमटी म्हणजे तिचा जीव की प्राण. मी सगळंच खाल्लं, बेतानं.

संध्याकाळी सुरू झालं. पहिल्यांदा ओवी. पोटात कळ, मग उलट्या, जुलाब, थांबेचनात. मग मला, शेजारणीला, तिच्या मुलाला, काकांना. काकूंनाही झालं असणार, पण त्या कबूल करणाऱ्यातल्या नव्हेत. आम्ही बाकीचे घरी लिंबूसरबतावर सावरलो. ओवी सावरेना. डोळे खोल गेले, हाक मारली तर नुसती बघायची. गिरीश शिफ्ट सोडून आला आणि आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. एवढ्याशा हाताला सुई टोचताना ती रडलीसुद्धा नाही, आणि त्यानंच माझा धीर सुटला.

काय खाल्लं, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, रानटी मश्रूम. मग कॉरिडॉरमध्ये बसून इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: ‘या विषयात मी संशोधन केलं आहे. ही रमारिया फॉर्मोसा, विषारी आहे. व्हॅनच्या ड्रायव्हरनं आणून दिली. कुणाकडे असेल तर ताबडतोब फेकून द्या.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. तुकडा नीट बघितला नाही, काही नाही. मला राग आला होता आणि रागाला तेव्हा एक माणूस हवा होता.

उत्तरं येत गेली. बापरे. काळजी घ्या. मग कुणीतरी लिहिलं, ‘काश्मिरी ना तो?’ त्याखाली दुसऱ्यानं, ‘मुद्दाम केलं नसेल कशावरून?’ त्यावर चार अंगठे. मी ते वाचलं. उत्तर दिलं नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि ओवीजवळ जाऊन बसले.

शनिवारी ओवी घरी आली, भात-ताक खाऊन झोपली. तोपर्यंत काकांनी व्हॅन पुरवणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीला मेल पाठवली होती. त्यात माझं नाव होतं: आमच्याकडच्या तज्ज्ञ बाईंनी विष ओळखलं आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांना कुठे डोकेदुखी हवी असते? त्यांनी जहूरला गाडीवरून उतरवलं आणि व्हिसा कॅन्सलला टाकला.

रविवारी व्हॅनवर नवा माणूस आला. डायव्हर्जन चुकला, अल खोरच्या दिशेला भलतीकडे लागला, आणि ते तंबूसारखं नवं स्टेडियम दिसायला लागल्यावर त्याला कळलं की आपण चुकलो. ओवी खिडकीची जागा न मिळाल्यामुळे माझ्या मांडीला टेकून बसली होती.

‘व्हेअर इज यल्लाभाई?’ तिनं विचारलं.

‘तो घरी चाललाय. त्यानं आणलेले मश्रूम वाईट होते ना, त्यानं तू आजारी पडलीस.’

ती म्हणाली, ‘बट आई, आय डिडन्ट ईट द मश्रूम्स.’

खरंच की. नाक मुरडलं होतं पोरीनं, माझ्या डोळ्यांदेखत. जी सगळ्यांत जास्त आजारी पडली तिनं भाजीचा कण खाल्ला नव्हता.

स्टाफरूममधून मी श्रेयसला फोन लावला. ‘मला? कुठे काय,’ तो म्हणाला. ‘उरलेली भाजी काकूंनी डब्यात दिली होती, ती मी शनिवारी पण खाल्ली. ग्रुपवरचं वाचून घाबरलो, पण तोवर पचली होती.’

संध्याकाळी काकूंकडे गेले आणि उरलेली अळंबी मागितली. ‘घेऊन जा ते विष,’ म्हणत त्यांनी फडताळातून पिशवी काढली. विष म्हणत होत्या, पण टाकली नव्हती. कुठलीच गोष्ट टाकवत नाही त्यांना. माझ्या तोंडाकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लॅबचं दार लावून घेतलं. बोट्रायटिस आणि फॉर्मोसा, दोघी रमारिया घराण्यातल्या सख्ख्या बहिणी. ताज्या असताना ओळखायला कठीण नाहीत. बोट्रायटिस पांढरट, जाड बुडख्याची, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, शेंडे तेवढे गुलाबी-जांभळे. नावाचा अर्थच द्राक्षाचा घोस. मी नाशिकची, मला तिचं कौतुक जरा जास्तच. फॉर्मोसाच्या फांद्या गुलाबी-नारिंगी आणि शेंडे लिंबासारखे पिवळे. दाबली की तपकिरी पडते, जिभेला कडू लागते. फॉर्मोसा म्हणजे देखणी. पहिली लोक आवडीनं खातात आणि दुसरी पोट धुऊन काढते. पण वय झालं किंवा वाळली की दोघींचा रंग उडतो, शेंडे झडतात, आणि दोघी सारख्याच मातकट काड्या होतात. मग मायक्रोस्कोपखाली बीजाणू बघावे लागतात. बोट्रायटिसचे लांबट आणि अंगावर उभ्या बारीक रेघा. फॉर्मोसाचे खरखरीत, पुरळ उठल्यासारखे.

पहिल्या तुकड्याला रेघा दिसल्या. दुसऱ्यालाही. म्हटलं, चला, निर्दोष आहे बिचारी. तिसऱ्याला पुरळ. मी काच पुसली, परत लावली. पुरळच. पिशवीत दोघी होत्या, एकमेकींत मिसळून. म्हणजे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी जे ठोकून दिलं होतं ते अर्धं खरं निघालं होतं, आणि तरी ओवीचा आजार त्यात बसत नव्हता.

मग मी तो पुरळाचा तुकडा बीकरमध्ये टाकून उकळला. पाणी चहासारखं पिवळं झालं. जिभेच्या टोकाला एक थेंब लावला. कडू, आणि मागून ओरखडा. तुकडा पिळून चाखला तर त्यात काही नव्हतं, नुसती चिवट चव. सगळं पाण्यात उतरलं होतं. बीकर नाकाशी नेला आणि तो वास ओळखला. मातीचा, ओल्या लाकडाचा. शुक्रवारी याच वासाचं झाकण काकूंनी माझ्यासमोर उघडलं होतं आणि म्हणाल्या होत्या, आज वेगळीच चव उतरलीय बघ.

मी स्टुलावर बसून राहिले. भाजी खाणारा श्रेयस ठणठणीत. आमटी खाणारी ओवी सलाईनवर. काकूंनी अळंबी उकळली, पिळली, आणि ते पाणी डाळीच्या कटात घातलं. घालणारच. आमच्या भोरच्या, नाशिकच्या अळंबीचं पाणी कुणी टाकतं का? सगळी चव त्यातच असते. दुसऱ्या कुठल्या देशातल्या बाईनं हे केलं नसतं. कटाची आमटी करणाऱ्या बाईनंच केलं असतं.

मंगळवारी गिरीशला घेऊन मी इंडस्ट्रियल एरियात जहूरच्या खोलीवर गेले. वाटेत गिरीश म्हणाला, ‘आसावरी, जपून बोल. पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट काकांच्या टेबलावर आहे.’

‘ओवीच्या हातातली सुई बघितलीस ना तू? मग आता मला बोलू दे.’

जहूर पलंगावर बसला होता. बॅग बांधून झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. आम्हाला बघून उठला आणि पहिलं विचारलं, ‘बच्ची कैसी है?’

‘ठीक है,’ मी म्हटलं. तो आम्हाला बसायला जागा करत होता, कुणाला तरी चहा सांगत होता. शेवटी मी विचारलं, ‘जहूर, तूने आंटी को क्या बोला था, पकाने के बारे में?’

‘जो अम्मी ने बोला, वही. दो उबाल देना और दोनों बार पानी फेंक देना. मैंने दो बार बोला, मैडम. आंटी हँस रही थीं, इसलिए फिर बोला.’

‘उसमें दो क़िस्म की हैं. पता है?’

‘होंगी. एक ही पेड़ के नीचे निकलती हैं. हमारे यहाँ कोई अलग नहीं करता. पानी फेंक देते हैं, बस.’

‘तो किसी को बताया क्यों नहीं?’ माझा आवाज चढला. राग त्याच्यावर नव्हता, पण निघाला त्याच्यावर.

‘किसी ने पूछा नहीं, मैडम,’ तो म्हणाला. ‘और आंटी ने अम्मी को लड्डू भेजे थे. मैं उनके ख़िलाफ़ कैसे बोलूँ.’

चहा आला. आम्ही तो कसाबसा प्यालो. निघताना त्यानं ओवीसाठी अक्रोडांची पुडी दिली, आणि मी ती घ्यावी की नाही म्हणून क्षणभर थांबले, हे त्यानं बघितलं. त्याबद्दल मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिथून सरळ काकूंकडे. काका हॉलमध्ये बातम्या बघत होते. मी सगळं सांगितलं: रेघा, पुरळ, श्रेयस, ओवी, आमटी. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ‘हे बघ, मेल माझ्या नावानं गेलीय,’ ते म्हणाले. ‘तुझ्याच शब्दावर गेलीय. आता मागे घ्यायची तर मला ठोस काहीतरी हवं. पाणी टाका असं त्यानं सांगितलं होतं आणि आमच्याकडून ऐकायचं राहिलं, एवढं रत्नानं म्हणावं. मी आत्ता फोन लावतो. उद्या सकाळपर्यंत थांबवता येईल.’

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ‘मला त्यानं काही सांगितलं नाही,’ त्या म्हणाल्या.

‘काकू, दोनदा सांगितलं होतं.’

‘तो म्हणतो म्हणून? आणि मी खोटी?’

मी तडक ओट्याशी गेले. पिशवी माझ्या पर्समध्येच होती. पातेलं चढवलं, मूठभर काड्या टाकल्या. कुणी मला थांबवलं नाही. पाणी उकळून पिवळं झालं तसं गाळलं, पुन्हा एक उकळी दिली, तेही गाळलं. काड्या पिळल्या आणि त्यातल्या दोन तोंडात टाकून चावून गिळल्या. पहिल्या उकळीचं पाणी वाटीत ओतलं आणि काकूंसमोर ठेवलं.

‘मी चोथा खाल्ला. हे सत्त्व. तुम्ही प्या.’

‘आसावरी, पुरे,’ गिरीश म्हणाला.

काकूंनी वाटी उचलली. क्षणभर मला वाटलं, या बाईचा काही नेम नाही, हट्टानं पिऊन टाकतील. ओठांपर्यंत नेली. वास घेतला. हात तिथेच राहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता म्हणतील. पाच शब्दांचं काम होतं. काका फोन हातात घेऊन उभेच होते.

‘माझं डोकं चढलंय,’ काकू म्हणाल्या. वाटी खाली ठेवली, बेडरूममध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. जाताना सवयीनं त्यांनी वाटीवर ताटली झाकली होती.

‘झालं समाधान?’ काका मला म्हणाले. ‘घरात येऊन माझ्या बायकोला विष पाजायला निघालीस. पोरगी बरी आहे ना तुझी? मग सोड आता.’

मी सोडलं नाही. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं: ‘माझी चूक झाली. अळंबी नीट शिजवली तर खाण्याजोगी होती. पाणी टाकायचं असतं, ते आमटीत गेलं. जहूरचा दोष नाही.’ दोन-चार हात जोडलेले आले. कुणीतरी लिहिलं, ‘तरीपण अशा लोकांकडून खायचं घेऊच नये.’ मग कुणाच्या तरी मुलीच्या नाचाचा व्हिडिओ आला आणि माझं लिहिलेलं वर सरकून गेलं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी स्वतः फोन केला. तिथला माणूस गोड बोलला. ‘इन्शाल्ला मॅडम, इन्शाल्ला.’ इथे राहिलेल्याला कळतं, ऑफिसातल्या माणसानं असं दोनदा म्हटलं की ते काम होत नसतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ठरली होती, आणि तो सूळ पहिल्यांदा मीच रोवला होता. बुधवारी जहूर गेला. त्या वेळी मी नववीच्या वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढत होते.

काकूंचं-माझं बोलणं बंद झालं. बाजाराला जाताना व्हॅनमध्ये त्या पुढे बसायच्या, मी मागे. नव्या ड्रायव्हरला कुणी लाडू दिले नाहीत आणि त्यानंही कुणासाठी लिंबू ठेवलं नाही.

मग पाडवा आला. रविवार, कामाचा दिवस, म्हणून जेवण संध्याकाळी ठेवलं. काकूंनी श्रेयसच्या हाती निरोप धाडला: ओवीला नक्की पाठवा. मी जाणार नव्हते. ओवीनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा गेले. गुढी उतरवून झाली होती, मंडळी हॉलमध्ये पानांची वाट बघत होती. मी ओट्यापासून लांब, फ्रीजला टेकून उभी राहिले.

काकूंनी शिजलेल्या डाळीचं पातेलं उचललं, चाळणी सिंकवर ठेवली आणि डाळ ओतली. खाली पातेलं नव्हतं. सगळा कट, दाट, पिवळाधमक, वाफा सोडत मोरीत गेला. शेजारीण ‘अहो काकू’ म्हणत पुढे झाली आणि तिथेच थांबली.

ओवी ओट्याला लोंबकळत होती. ‘काकू, व्हॉट अबाउट माय आमटी?’

‘नाही गं बाळा,’ काकू म्हणाल्या. नळ सोडून त्यांनी सिंकवर पाणी फिरवलं. ‘पाणी टाकायचं असतं. मला सांगितलं होतं.’

‘कुणी?’ ओवीनं विचारलं. एकदाच काय ती मराठीत.

‘यल्लाभाईनं. दोनदा सांगितलं. मी हसले त्याला. म्हटलं, हा कालचा पोरगा मला अळंबी शिकवतोय.’

काका दारात ताटं घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला त्या बाईचा इतका राग आला होता इतके दिवस, आणि आता राग शोधला तर सापडेना. ती रिकामं पातेलं परत परत विसळत होती, एवढंच दिसत होतं.

‘अहो,’ काकू म्हणाल्या, ‘त्याचा नंबर असेल ना?’

सगळ्यांनी फोन काढले. नंबर सगळ्यांकडे होता, इथला. तो आमच्या मुलांच्या परीक्षा, कुणाचं पोट बिघडतं, कुणाला गाडी लागते, सगळं जाणून होता, आणि त्याच्या घरचा नंबर आमच्यातल्या एकाकडेही नव्हता. त्याच्या गावाचं नावसुद्धा कुणाला धड सांगता येईना. काकांनी तोच इथला नंबर लावला. आतून नंबर बंद असल्याचं सांगणारा एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. काका बंद करायला लागले तर काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. आधी अरबीत झालं, मग इंग्रजीत. काकूंना त्यातलं फारसं काही कळत नाही. त्या शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.